तिसरा कप पाणचटच असतो

माझी भाची गेली चार वर्षं अदिस अबाबात नोकरी करते. दर दिवाळीला ती फोनवर "मावशी, या की आता" म्हणायची आणि आम्ही "बघू" म्हणायचो. २०२४च्या जूनमध्ये नवरा निवृत्त झाला आणि 'बघू'ला सबब उरली नाही. तिनं एकच अट घातली, यायचं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तिथला नाताळ, म्हणजे गेना, ७ जानेवारीला असतो. दक्षिणेकडच्या डोंगरात तेव्हा कॉफीची तोडणी संपत आलेली असते, पण वाळवण अजून चालू असतं. अशी २०२५च्या जानेवारीतली आमची आठ दिवसांची फेरी ठरली.

निघण्याआधीची एकच गोष्ट सांगते, ती विसरू नका. इथिओपियाचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्यात काही अडत नाही. अडतं ते पिवळ्या तापाच्या लशीपाशी. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, वार ठरलेले असतात आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. त्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आमचं हे काम शेवटच्या क्षणी झालं आणि त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी : अदिस

मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं. अदिस समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही बरंच उंच. आफ्रिका म्हणून सुती कपडे भरणाऱ्या नवऱ्यानं विमानतळाबाहेर पडताच माझी शाल मागितली. भाचीचं घर दुसऱ्या मजल्यावर, पण जिना चढताना वाटलं की चौथा असावा.

मी शाकाहारी. इकडे सगळे म्हणाले होते, उपाशी मरशील. तिथे गेल्यावर कळलं की देशातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकच माझ्या पंगतीला आहेत. गेनाच्या आधी त्यांचा ४३ दिवसांचा उपास असतो, आणि एरवीही वर्षभर बुधवार-शुक्रवार. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, तूपसुद्धा नाही. शब्द लक्षात ठेवा : 'त्सोम'. 'ये-त्सोम बेयाइनेतू' म्हटलं की परातीएवढा इंजेरा येतो आणि त्यावर डाळी, कोबी-बटाटा, बीट, पालेभाज्या असे रंगीबेरंगी ढीग.

इंजेरा म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली, एकाच बाजूनं भाजलेली, जाळीदार, थोराड आंबोळी. आणि मधोमध जो खदखदता शिरो ओततात त्याचा पहिला घास घेऊन मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पिठलं." पिठलंच! हरभऱ्याच्या पिठाचं, फक्त बेरबेरे मसाल्यानं लाल झालेलं.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी एका बाईच्या कॉफीच्या टपरीवर बसलो. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, बुटकी स्टुलं, शेगडी. तिनं कच्चे दाणे धुतले, तव्यात भाजले, आणि भाजता भाजता तो धुराचा तवा आमच्या प्रत्येकाच्या नाकापाशी आणून फिरवला, आरतीचं तबक फिरवतात तसा. आपणही हातानं धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा असतो. मग दाणे कुटले, जेबेना नावाच्या लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळले. शेजारी निखाऱ्यावर धूप. सोबत खायला लाह्या. हो, मक्याच्या लाह्या, कॉफीबरोबर. यात पाऊण तास गेला. कप मात्र बिनकानाचा आणि एवढासा. कॉफी दाट, काळी, कडक.

नवरा घड्याळ बघत होता. राष्ट्रीय संग्रहालय बंद व्हायच्या आत त्याला लूसी, म्हणजे माणसाच्या आदिम पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा, बघायची होती. पहिला कप संपला तसे आम्ही पैसे ठेवून उठलो. बाई काही बोलली नाही, पण तिचा जेबेनाकडे गेलेला हात तिथेच राहिला.

गाडीत भाची म्हणाली, "काका, आपण पाहुण्यासारखे नाही, गिऱ्हाइकासारखे उठलो. पहिला कप अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. त्याच चुऱ्यात पुन्हा पाणी घालून तीनदा उकळतात. बरका म्हणजे आपली बरकत. ती टाकून आलो आपण."

संग्रहालयात लूसी आहे, १९७४ साली सापडलेली. मांडलेला सांगाडा तिची प्रतिकृती आहे. बत्तीस लाख वर्षं थांबली होती ती, आणखी अर्धा तास थांबली असती.

शनिवार, ४ जानेवारी : अदिस ते हवासा

पहाटे चारच्या सुमाराला पलंग हलला. माझं माहेर उमरग्याचं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट जिनं पाहिली आहे तिला पलंग का हलतो हे सांगावं लागत नाही. तेव्हाही चारला चार-पाच मिनिटंच कमी होती. मी नवऱ्याला ओढत, चपलांशिवाय, जिन्यानं खाली अंगणात. हळूहळू इमारतीतले बाकीचेही आले, काही तर ब्लँकेट घेऊन, सवय असल्यासारखे. अवाशच्या बाजूला, खचदरीत, गेले काही दिवस धक्के बसतच होते. त्या रात्रीचा मोठा होता आणि तो दूर अदिसलाही जाणवला. पडझड काही झाली नाही. पण मला पुन्हा वर जाववेना. चौकीदारानं स्वतःची खुर्ची दिली आणि थर्मासातला गोड चहा. त्याच्याशी बोलायला एक शब्दही नव्हता, तरी आम्ही तासभर बसलो.

त्यामुळेच पुढचा घोटाळा टळला. गाडीवाल्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्या एक वाजता." नवऱ्यानं त्याप्रमाणे सकाळभराचा फिरण्याचा बेत आखला होता. सकाळी सातला गाडी दारात! इथे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून आपले सात म्हणजे त्यांचा एक. विचार केला तर हेच बरोबर आहे. आपले जुने लोकही दिवसाची पहिली घटका सूर्योदयापासूनच मोजत. साल तर २०१७ चालू होतं आणि महिने तेरा : बारा महिने तीस-तीस दिवसांचे, तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. वेळ ठरवताना 'हबेशा' वेळ की 'फेरेंजी' वेळ, म्हणजे इथली की परदेशी, हे न लाजता विचारा. तिकिटावर तारीख असेल तर तीही.

हबेशा हा शब्द ऐकून मी दचकलेच. तोच आपला हबशी. आम्ही राहतो संभाजीनगरला. ते ज्यानं १६१० साली खडकी म्हणून वसवलं, शहरात नहरीनं पाणी खेळवलं, तो निजामशाहीचा कर्ता मलिक अंबर याच मुलखात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला. १६२६ साली तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. चाळीस वर्षं त्या रस्त्यानं मी वेरूळला जाते. त्याच्या गावाच्या बाजूला एकदा जावं, हे काही कधी सुचलं नव्हतं.

गाडीवान साठीचा, कमी बोलणारा. भाची त्याला 'गाशे' म्हणायची, म्हणजे वडीलधाऱ्या माणसाला हाक मारायची रीत. मग आम्हीही गाशेच म्हणू लागलो. मोजोपर्यंत चकाचक द्रुतगती मार्ग, तिथून दक्षिणेला खचदरीतली तळी एकामागून एक. छत्रीसारखी बाभळीची झाडं, गाढवांच्या गाड्या, बातूजवळ गुलाबांची मैलोगणती हरितगृहं. साधारण पावणेतीनशे किलोमीटर आहे, दुपारी उशिरा हवासाला पोचलो. बाकी प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवायची नाही हा गाशेंचा नियम होता, तो तुम्हीही पाळा. दक्षिणेत कुठल्या रस्त्यावर सध्या जावं हे निघायच्या दिवशी स्थानिक माणसाला विचारून ठरवा. परिस्थिती महिन्यागणिक बदलते.

रविवार, ५ जानेवारी : हवासा, यिर्गालेम

सकाळी तळ्याकाठच्या मासळीबाजारात गेलो. होड्या काठाला लागतात, पोरं बसल्या बसल्या तिलापिया सोलतात, आणि त्यांच्यामागे मारबू करकोचे उभे असतात. चार-साडेचार फूट उंच, टकले, गळ्याखाली लोंबती पिशवी, पाठीवर काळा कोट. न बोलता, न हलता, श्राद्धाला आलेल्या दूरच्या नातेवाइकांसारखे. मात्र टाकलेलं डोकं त्यांच्या चोचीत जायला निमिषही लागत नाही. नवऱ्यानं तळलेला अख्खा मासा खाल्ला आणि दिवसभर त्याचंच बोलत राहिला.

दुपारी यिर्गालेम. आता आम्ही सिदामांच्या मुलखात होतो. कॉफीच्या पिशव्यांवर सर्रास 'सिदामो' छापलेलं असतं, ते जुन्या प्रांताचं नाव. आमच्या मुक्कामाच्या मालकिणीनं पहिल्याच वाक्यात दुरुस्त केलं : "सिदामा." नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदान होऊन २०२०मध्ये त्यांचं स्वतंत्र राज्य झालं, त्यामुळे हा शेवटचा 'आ' त्यांनी मिळवलेला आहे. मीही नंतर काळजीनं उच्चारला.

राहायला सिदामा पद्धतीची बांबूची घरं. लांबून बघितलं तर कणगी उलटी ठेवल्यासारखी, जवळून बघितलं तर खरंच कणगीच, तशीच विणलेली. आत गार, कोरडं, आणि बांबूला धुराचा वास.

तिथे एन्सेट पाहिलं. केळीसारखंच झाड, पण थोराड आणि फुगलेल्या बुंध्याचं. याला खाण्याजोगी केळी लागत नाहीत, इथे लोक झाडच खातात. चार-पाच वर्षांनी ते पाडायचं, बुंध्याचे आणि गड्ड्याचे गर खरवडायचे, खड्ड्यात पानांत गुंडाळून आंबवायचे, मग त्याची कोचो नावाची भाकरी. खरवडणाऱ्या बाईनं एक पाय फळीवर टेकवून बांबूच्या पट्टीनं ओढत नेलेला तो हात मी बराच वेळ बघत उभी होते. हे सगळं काम बायकांचं. कोचोची चव? आंबूस, चिवट, ओल्या मातीचा वास असलेली. मी दोन घास खाल्ले, तिसरा आग्रहाचा. पण दुष्काळात इतर पिकं गेली तरी हे झाड दारात उभं असतं, हे कळल्यावर चवीबद्दल बोलायचं मी थांबवलं. आमच्या मराठवाड्यात असं एखादं झाड असतं तर.

संध्याकाळी मुक्कामाच्या कुंपणाशी हाडं टाकून तरसांना बोलावतात. पाहुणे बघायला जमतात. मला ते आवडलं नाही. रात्री त्यांचं हसणं बांबूच्या भिंतीतून आरपार ऐकू आलं, तेव्हा तर अजिबात नाही.

सोमवार, ६ जानेवारी : दिल्ला, तुतू फेला, यिर्गाचेफे

दिल्लाच्या पुढे डोंगर एकदम हिरवा होतो. हा गेदेओ लोकांचा भाग. २०२३ साली युनेस्कोनं ही सगळी भूमीच जागतिक वारसा म्हणून नोंदवली आणि वारसा म्हणजे काय हे गाडीच्या खिडकीतून दिसतं. एक पुसटशी पायवाट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन मजली शेती : वर मोठी जुनी झाडं, त्यांच्या सावलीत कॉफी, त्याच्यात एन्सेट. शेत कुठे संपलं आणि रान कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. घरं त्यातच लपलेली. रस्त्यावरून वाटतं इथे कोणी राहत नाही, आणि गाडी थांबली की पन्नास मुलं.

तुतू फेलाला दगडी स्तंभ आहेत, शेकडो, एका उतारावर गर्दी करून उभे. काहींवर चेहरे कोरलेले, काहींचा आकार बघून नवरा उगाच लांबचे डोंगर न्याहाळू लागला. पोचायला शेवटी थोडं चालावं लागतं. बूट चांगले घाला, आणि गावातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून घ्या.

सणाच्या आदल्या दिवशीचा बाजार मात्र चुकवू नये. माणसागणिक कोंबडी, पाय बांधून उलटी धरलेली. गेनाला दोरो वोत करायचं, म्हणजे कोंबडीचा तिखट रस्सा. त्यासाठी कांदा असा काही लागतो की पोती रस्त्यावर फुटली होती. एका मोटारसायकलवर तीन माणसं आणि एक मेंढा बघितला. मेंढा मधे बसला होता आणि सगळ्यांत शांत होता.

आणि इथेच आमचं गाडं अडलं. यिर्गाचेफेतल्या ज्या हॉटेलात खोल्या सांगून ठेवल्या होत्या तिथे सणाला घरी आलेली पाहुणेमंडळी आधीच शिरली होती. नोंद नाही, फोन उचललेला आठवत नाही. गाशेंनी तासभर गावात फिरून एक जागा शोधली : तिघांना मिळून एक खोली, गरम पाणी नाही, दाराला कडीऐवजी खुर्ची. सणाच्या आठवड्यात जाणार असाल तर आगाऊ पैसे भरा, आदल्या दिवशी पुन्हा फोन करा आणि रोख जवळ ठेवा.

पण खोलीत राहिलोच कुठे? रात्री देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलो. पाऊल टाकायच्या आधी चपला काढायच्या. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, सगळ्यांच्या अंगावर पांढरं. माझ्या डोक्यावर निळी ओढणी होती. शेजारच्या साठीच्या बाईंनी ती एकदा बघितली, स्वतःच्या पिशवीतून एक पांढरी नेतेला काढली आणि माझ्या खांद्यावरून घालून तिचा पदर नीट केला. एक अक्षर न बोलता.

आत दोन रांगा समोरासमोर. हातात उंच काठ्या, दुसऱ्या हातात धातूची खुळखुळती चकत्यांची वाद्यं, मधे मोठे ढोल. भाषा गीझ, जी आता फक्त पूजेत उरली आहे. चाली सहाव्या शतकातल्या यारेदनं बांधल्या असं ते मानतात. सुरुवातीला इतकं संथ की डोळे मिटतील. मग ढोल उठतो, रांगा एका बाजूला झुकतात, दुसऱ्या बाजूला झुकतात, लय चढत जाते. मला दिंडीतली पावली आठवली. टाळ-मृदंगाला असंच मागे-पुढे झुकत जातात, आणि असंच एका क्षणी पाय आपले राहत नाहीत. मेणाच्या बारीक वाती हातोहात पेटत गेल्या. थंडी मी म्हणत होती. आमच्या घड्याळात एक, त्यांच्या सात वाजता आम्ही परतलो. ते पहाटेपर्यंत चालणार होतं.

फोटो काढू नका असं कोणी म्हणालं नाही. म्हणूनच काढला नाही.

मंगळवार, ७ जानेवारी : गेना

नेतेला परत करायला म्हणून त्या बाईंच्या घरी गेलो, दहा मिनिटांसाठी. निघालो दुपारी साडेतीनला.

दारातच "एन्कुवान आदेरेसाच्चिहू", म्हणजे या दिवसापर्यंत सुखरूप पोचलात, बरं झालं. बाई निवृत्त शिक्षिका. शाळेत त्यांना गणित शिकवलं ते एका भारतीय मास्तरांनी. हे वाक्य त्या पिढीच्या शिकलेल्या माणसाकडून तिथे वारंवार ऐकू येतं, कारण सम्राट हायले सेलासीच्या काळापासून हजारो भारतीय शिक्षक, त्यांत पुष्कळ केरळचे, तिथे गावोगाव शिकवत होते. "फार मारायचे," बाई म्हणाल्या, आणि मला पाव किलो मध बांधून दिला.

बाई ऑर्थोडॉक्स, यजमान गेदेओ आणि प्रोटेस्टंट. या भागात प्रोटेस्टंटच जास्त. सण दोघांचा ७ तारखेलाच, पण उपास एकट्या बाईंचा. त्यांनी ४३ दिवस त्याच घरात, नवऱ्याच्या ताटात मटण वाढत, उपास केला होता. आज सुटणार होता. आणि मी म्हणजे उपास सुटलेल्या घरी आलेली, न सुटलेली पाहुणी. कोंबडीचे रीतसर बारा तुकडे आणि उकडलेली अंडी घातलेला लालभडक रस्सा मधे आला, तेव्हा भाचीनं माझी अडचण सांगितली. बाई क्षणभर थांबल्या. मग हसत आत गेल्या आणि कालचं शिरो गरम करून आणलं.

त्यांनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात शिरो गुंडाळला आणि थेट माझ्या तोंडाशी. याला गुरशा म्हणतात. घास जितका मोठा तितकी माया मोठी, त्यामुळे श्वास नाकानं घ्यावा लागतो. एक घास दिला की भांडण होतं, दुसऱ्यानं मिटतं, अशी काहीतरी म्हण आहे, म्हणून दुसराही. नवऱ्याला यजमानांनी भरवला. लग्नात नाव घेताना मी भरवलेल्या जिलबीनंतर छत्तीस वर्षांत त्याला कोणी घास भरवला नसावा. तो चक्क लाजला.

मग कॉफी. गवत पसरलं, धूप लावला, दाणे भाजले. शेजारची आजी आली, तिला सगळे 'एमामा' म्हणत. तिनं आपल्या कपात साखरेऐवजी मीठ आणि लोणी घालून घेतलं, जुन्या रीतीनं. मलाही एक घोट दिला. तो कॉफी म्हणून प्यायलं तर चुकतो, सार म्हणून प्यायलं तर छान लागतो.

अबोल आणि तोनाच्या मधे मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. भाची भाषांतर करत होती, मुलं टीव्ही बंद करून आली. इथून विकलेला मुलगा आमच्या शहराचा बाप कसा झाला, मोगलांना त्यानं डोंगरात कसं झुंजवलं, शहाजीराजे त्याच काळात कसे पुढे आले. सगळे गंभीर झाले. मग यजमानांनी विचारलं, "पण होता कोणापैकी?" आणि एकच गलका! एमामांच्या मते तो नक्की कंबाताचा. गाशे एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाले, हररकडचाच. धाकट्या मुलाला तो गेदेओ हवा होता. चारशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी अर्धा तास वाद झाला आणि तेवढ्यात तिसरं पाणी उकळलं.

तिसरा कप पाणचट असतो. खरं सांगायचं तर कॉफीचा रंग असलेलं गरम पाणी. पण कोणी उठत नाही. त्या कपाच्या वेळी बोलणं हळू झालेलं असतं. बाईंनी मला विचारलं, मुलं किती? मी एरवी कोणाला सांगत नाही ते सांगितलं. त्यांनीही काही सांगितलं. भाचीनं दोन्हीकडचं भाषांतर केलं आणि नंतर गाडीत आम्ही कोणीच त्यावर बोललो नाही.

बुधवार, ८ जानेवारी : धुलाई केंद्र आणि पाऊस

सणाचा दुसरा दिवस, आणि वार बुधवार, म्हणजे बाईंना पुन्हा उपास! मला मात्र जेवण सोपं. गेनानंतर जाणाऱ्या शाकाहाऱ्यांनी बुधवार-शुक्रवार साधावेत, आणि लहान प्रोटेस्टंट गावांत 'त्सोम' नाही मिळालं तर 'शिरो' शब्द धरून राहावं.

यजमानांच्या ओळखीनं डोंगरावरच्या एका कॉफी धुण्याच्या केंद्रात गेलो. खालच्या शेतांतली तोडणी संपली होती, उंचावरची लाल फळं अजून येत होती. शेतकरी लहान लहान, कोणाची गोणी तर कोणाची नुसती टोपली. कॉफीचं फळ चाखलं : गोड, करवंदासारखं, आणि आत दोन गुळगुळीत बिया. पाण्यात फळ टाकायचं, तरंगेल ते बाद. मग यंत्रानं साल काढायची, चिकट बिया हौदात दीड-दोन दिवस आंबवायच्या, आणि लांब पन्हाळीतून पाण्याबरोबर लाकडी फावड्यांनी ढकलत धुवायच्या. जड दाणा आधी तळाला बसतो, हलका पुढे वाहतो, तीच प्रतवारी. शेवटी कमरेएवढ्या उंचीच्या जाळीच्या मांडवांवर दहा-बारा दिवस वाळवण. साधारण सहा किलो फळामागे एक किलो दाणा हाती लागतो.

मांडवाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून खराब दाणा वेचत होत्या, गाणं म्हणत. मी त्यांच्यात उभी राहिले. तांदूळ निवडायची सवय इथे कामी येईल असं वाटलं होतं. माझ्या बाजूच्या मुलीनं मी 'चांगला' म्हणून सोडलेले सात दाणे शांतपणे उचलून टाकले.

एक म्हातारे शेतकरी बोलायला आले. डिसेंबरात जगाच्या बाजारात कॉफीनं विक्रमी भाव गाठला होता आणि ते त्यांना फोनवर माहीत होतं. सिदामो, हरर, यिर्गाचेफे या नावांवर हक्क कोणाचा यावरून त्यांच्या सरकारचं आणि स्टारबक्सचं जे भांडण झालं आणि २००७मध्ये मिटलं, तेही माहीत होतं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कॉफी किती पितात? मी म्हटलं, आम्ही चहावाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, सांत्वन करतात तसा.

आणि दुपारी आभाळ भरून आलं. जानेवारी कोरडा महिना, पण अवकाळी तो अवकाळीच. पहिला थेंब पडला आणि कोणीतरी किंकाळी मारली. शंभरेक माणसं एकदम धावली. प्लास्टिकच्या गुंडाळ्या उलगडत, टोकं खेचत, दगड ठेवत. भिजलेला दाणा पुन्हा आंबतो, डाग पडतो, दर पडतो. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मळणीला आलेल्या ज्वारीवर, खळ्यातल्या तुरीवर असं धावत मोठी झाले मी. नवरा एक टोक, मी एक टोक. वाऱ्यानं प्लास्टिक तोंडावर फडाफडा आपटत होतं. कार्यालयात उभं आयुष्य काढलेला माझा माणूस चिखलात गुडघे टेकून जाळीखाली दोरी बांधत होता, आणि समोरची मुलगी मराठीत नसलेल्या भाषेत त्याला ओरडत होती, "अशी नाही, अशी!" ते मात्र त्याला बरोबर कळलं.

वीस मिनिटांत पाऊस गेला. पुन्हा सगळं उघडलं. केंद्रावरच्या बाईनं जेबेना चढवला. नवऱ्यानं मनगटावरचं घड्याळ काढून भिजलं म्हणून खिशात टाकलं. त्या दिवशी तीन कप झाले.

गुरुवार, शुक्रवार : परत

हवासात एक रात्र, मग अदिस. अदिसला कॉफी आणि मसाले घेतले. भाजलेली कॉफीच आणा, तीही दोन किलोच्या आत. कच्चे दाणे विमानतळावर काढून घेतात. बेरबेरे जरूर आणा, पिठल्यात घाला. जेबेना कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीतच ठेवा. आमच्या एका जेबेनाची मान मुंबईपर्यंत टिकली नाही.

पहिल्या दिवशीच्या टपरीवर मी भाचीबरोबर गेले होते. ती बाई नव्हती, गावाला गेली होती सणाला. तिच्या जागी बसलेल्या मुलीकडे तीन कप प्यायले.

परत आल्यावर मुलानं चिकमगळूरचे कच्चे दाणे मागवून दिले. बाबा बुदाननं येमेनमधून सात दाणे लपवून आणले आणि तिथे लावले अशी कथा आहे. येमेनमध्ये कॉफी गेली ती या हबेशांच्याच डोंगरांतून. म्हटलं, लांबचे का होईना, नातेवाईकच. परवा बिडाच्या तव्यावर भाजायला घेतले. धूर असा झाला की शेजारच्या वहिनी धावत आल्या, काही जळतंय का म्हणून. त्यांना बसवलं. उरलेल्या जेबेनात उकळलं, लाह्या नव्हत्या म्हणून चुरमुरे दिले. पहिला कप झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला थांबा म्हटलं, पण त्यांनी घरी कुकर लावला होता.